इरिडियम, चौऱ्याहत्तर दिवस

रात्री अकरानंतर दुकमची सुकी गोदी माझी.
पिवळ्या फितीचं कुंपण, लाल दिवा,
छातीवर टकटकणारं मोजणीयंत्र,
आणि जड डब्याच्या पोटात
मसुरीएवढा इरिडियम.

जहाज उभं आहे ठोकळ्यांवर, पाण्यावाचून अवघडलेलं.
त्याच्या सांध्यावर मी फिल्म चिकटवतो,
हँडल फिरवतो, लांब पळतो
आणि थांबतो.
थांबण्याचाच पगार आहे मला.

मार्चमध्ये चार मिनिटं पुरायची.
जूनमध्ये आठ.
आता ऑगस्ट उतरतोय, सतरा लागतात.
दर चौऱ्याहत्तर दिवसांनी तो अर्धा होतो
आणि माझ्या वाट्याचं आकाश दुप्पट.

दाऊदचाचा खलफे येऊन बसतात फितीबाहेर.
राजिवड्याचे. एकतीस वर्षं वेल्डिंग.
पुढच्या महिन्यात कायमचे घरी.
डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे
तारे त्यांना मोठे दिसतात, कडा फुटलेले.
‘हे जळतात तरी कशावर रे?’

हायड्रोजनवर, मी सांगतो. कॅम्पात मोबाइलवर वाचलेलं.
तो संपला की हेलियम. मग कोळसा. मग आणखी जड काहीबाही.
जो उधळा, तो लवकर जातो.
जो मिणमिणतो, जपून खर्चतो,
तो अजून एकही मेलेला नाही
विश्व सुरू झाल्यापासून.
‘म्हणजे आपल्या सतीशनसारखा,’ चाचा म्हणतात,
‘डाळ दोनदा गरम करून खातो.’

मोठ्याचं मात्र शेवटी लोखंड होतं.
हायड्रोजन लाखो वर्षं पुरलेला,
सिलिकॉन जेमतेम एक दिवस,
आणि पोटात लोखंड साचलं की खेळ संपला.
लोखंड जाळून काही सुटत नाही,
उलट पदरचं जातं.
‘पदरचं घालून धंदा? कोण करील!’
तोही करत नाही. कोसळतो.
एका सेकंदाच्या आत.

चाचा बराच वेळ जहाजाकडे बघतात.
‘म्हणजे एकतीस वर्षं मी
मयताला टाके घालतोय.’
हसतात. खोकला येतो. पुन्हा हसतात.
‘आणि तुझा तो मसुरीचा दाणा?’
तोही तिकडचाच.
दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले
तेव्हाचा, असं म्हणतात.
मग माणसांनी अणुभट्टीत घालून
पुन्हा चिडवलेला.
‘त्याला तरी निजू द्यायचं होतं.’

यावर माझ्याकडे उत्तर नाही.
अजून सहा मिनिटं आहेत.

पहाटे दक्षिणेला, क्रेनच्या हातापलीकडे,
पाण्याला टेकून एक पांढरा ठिपका.
आई त्याला अगस्ती म्हणते,
तो उगवला की नदीचा गढूळपणा बसतो.
सुरक्षेवरचा सालिम अल-जनैबी म्हणतो, सुहैल.
त्याचा आजा या दिवशी उंटाचं पिल्लू धरायचा,
त्याचं तोंड दक्षिणेकडे वळवून कानाखाली हलकी चापट:
दिसला का सुहैल?
आजपासून एक थेंबही नाही.
पिल्लू ओरडायचं. आई दोराच्या पलीकडून ओरडायची.
चार दिवस. मग दोघंही चरायला लागायचे.

चाचा विचारतात, मोठे नसतात त्यांचं काय होतं?
मध्यम असतात त्यांचं?
फुगतात, लाल होतात, अंगावरचं सगळं वाऱ्यावर सोडतात.
मग आत उरतो तो पांढरा, लहान. जळत नाही,
नुसता कोमट राहतो. फार फार काळ.
चाचा मान हलवतात.
खिशातून सुपारी काढून अर्धी मला देतात.

घंटा. हँडल उलटं फिरवून मी दाणा डब्यात घेतो.
काळोख्या खोलीत फिल्म धुतो:
उलटं आकाश, फिकट पट्ट्यावर काळे तारे.
तीनपेक्षा जास्त भरले तर सांधा फोडून परत.
हा चाचांचा. दोनच आहेत.
एक जरा मोठा, कडा फुटलेला.
चालेल, मी लिहितो.

मलाही इथं ऑगस्टअखेरीलाच पाठवलं होतं.
कुणी तोंड धरून वळवलं नव्हतं.
विमानात डावीकडची खिडकी मिळाली होती,
एवढंच.